एकही मूल अनोळखी नाही

टिकल्यांचा शेवटचा कागद संपत आला, तरी रेमी ड्यूबेच्या नावापुढे एकही टिकली नव्हती.

तिकडे बघायचं नाही असं कोलेटने ठरवलं, आणि लगेच बघितलं. रेमी तिचा मुलगा, ती शिकवायची त्याच शाळेत सातवीत. शाळा सुटली होती. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतभर कागद लावले होते, त्यांवर शाळेतल्या दोनशे बारा मुलांची नावं, आणि लाल टिकल्या हातात घेऊन अकरा शिक्षक भिंतीशी दाटी करून उभे. ज्या मुलाला आपण ओळखतो त्याच्या नावापुढे टिकली लावायची आणि शेजारी त्याच्याबद्दल एक गोष्ट लिहायची. मार्क आणि वागणूक सोडून. आपल्या नात्यातल्या मुलाला मात्र टिकली लावायची नाही. हे सगळे नियम कोलेटचेच. शाळेच्या आत्मपरीक्षणाचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. सोमवारी पाहणी मंडळ येणार होतं, आणि अहवालाचं पहिलंच वाक्य होतं, ‘आमच्या शाळेत एकही मूल अनोळखी नाही.’

तिने स्वतः एकसष्ट टिकल्या लावल्या होत्या. कोणाच्या कुत्रीला किती पिल्लं झाली, कोणाचे आजोबा कोणत्या पायाने लंगडतात, सगळं तिला तोंडपाठ.

खेळाचा शिक्षक गस रेमीच्या नावापाशी आला. गसने नाव वाचलं, हसला, आणि खालच्या नावाला टिकली लावून पुढे गेला. मागून आलेल्या दोघींनीही तेच केलं. लावा की मेल्यांनो एक, असं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं.

मुख्याध्यापिका नोरीनने टाळी वाजवली. “झालं! कोरी किती राहिली?”

“दोन,” गस म्हणाला. “एक आयरिस मिलेट. बटाट्याच्या सुट्टीत, पोरं शेतावर काढणीला जातात तेव्हा, गावात राहायला आली ना, ती नवी मुलगी. आणि...”

“आणि रेमी,” कोलेट म्हणाली.

सगळे एकदम भिंतीकडे बघायला लागले.

“अगं, तो कसला कोरा!” गस म्हणाला. “रेमीला कोण ओळखत नाही? तुझा मुलगा तो! आम्ही म्हटलं, त्याला कशाला टिकली, आई इथेच आहे की.”

“मग सांग ना एक गोष्ट.”

“शांत आहे.”

“ती वागणूक झाली.”

“तुझ्या गाडीतून येतो. नाक तुझ्यावर गेलंय.”

“हे माझ्याबद्दल झालं, गस. त्याच्याबद्दल सांग!” ती जवळजवळ ओरडलीच.

नोरीनने शेवटची टिकली सोडवून कोलेटच्या बोटावर चिकटवली. “नियम तूच केलास, तूच मोड. आयरिस नवी आहे, खपून जाईल. पण शिक्षिकेचाच मुलगा कोरा? मंडळ आपली अब्रू काढेल. लिही पटकन, आणि सुटू दे सगळ्यांना.”

कोलेटने पेन उघडलं. रेमीला काकवी घातलेली धिरडी आवडतात. पण ते तो सहा वर्षांचा होता तेव्हा. अकॉर्डियन वाजवतो. पण ते वाद्य तर दोन वर्षांपूर्वीच माळ्यावर गेलं. मग आता? रोज सकाळी अकरा मिनिटं तो गाडीत मागच्या सीटवर कानात इअरफोन घालून बसतो. ती विचारते, गृहपाठ झाला? तो म्हणतो, हो. तिने पेन कागदाला टेकवलं आणि परत उचललं. इतकी वर्षं नुसत्या लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या बाईने! तिला रडू यायला लागलं.

तेवढ्यात दार ढकलून रेमी आत आला. “आई, किल्ली दे. गाडीत बसतो. गारठलो बाहेर.”

कोलेट पटकन भिंतीसमोर आडवी झाली. पण पोरगा तिच्याएवढा उंच झालेला. त्याने तिच्या खांद्यावरून वाचलं. आधी वरचे नियम, मग आपलं नाव, मग त्यापुढची कोरी जागा. तिथे तो जरा थांबला.

मग त्याने आईच्या बोटावरची टिकली काढून घेतली आणि आयरिस मिलेटच्या नावापुढे लावली. आईच्याच हातातलं पेन घेऊन शेजारी लिहिलं, ‘बटाट्यातले दगड निवडताना गाते. कोणी बघितलं की थांबते.’

“तू तिच्या शेजारी होतास कामाला?” कोलेटने विचारलं.

“तीन आठवडे,” रेमी म्हणाला. “किल्ली दे ना.”

तिने किल्ली दिली, तो गेला. त्या तीन आठवड्यांत तो संध्याकाळी शेतावरून आला की ती रोज एकच विचारायची, बूट बाहेर काढलेस का?

“वा, म्हणजे आता एकच राहिला!” नोरीन म्हणाली. “टिकल्या आणा रे आणखी. कोलेट, तोही बटाट्यातले दगड निवडायला होता, तेच लिही ना त्याच्यापुढे. झालं काम.”

“नको. कोरंच राहू दे.”

“आणि मंडळाला काय सांगू?”

“आहे ते सांग,” कोलेटने खुर्चीवरचा कोट उचलला.

बाहेर अंगणात तिची गाडी उभी होती. रेमी मागच्या सीटवर, कानात इअरफोन. तिचा हात सवयीने पुढच्या दाराकडे गेला. मग तिने मागचं दार उघडलं.

“सरक जरा.”

रेमीने एक इअरफोन काढला. “गाडी कोण चालवणार मग?”

कोलेट आत बसली आणि तिने दार ओढून घेतलं.