आधी उमटणारा प्रतिध्वनी

अथेन्सच्या नाट्यगृहात भर दुपारी तालीम चालली होती. एवेनोर भविष्यवाणीपासून पळणाऱ्या राजाचं काम करत होता. पण त्याचा प्रतिध्वनी त्याच्या बोलण्याआधीच वरच्या पायऱ्यांवरून येत होता.

"ऐकलंस?" त्याने धाकट्या भावाला, ड्रोमोनला विचारलं.

"तुझाच आवाज घुमतोय, दादा. आत्ताच घाबरलास, तर स्पर्धेत काय दिवे लावणार?"

एवेनोरने मुद्दाम वाक्य बदलायचं ठरवलं. तोंड उघडण्याआधीच वरून बदललेलं वाक्य आलं. आता बोलायचंच नाही, म्हणून त्याने ओठ घट्ट मिटले.

तेवढ्यात वरून त्याच्याच आवाजातला हंबरडा आला, "ड्रोमोन! डोळे उघड रे, बाळा!"

समोर उभा ड्रोमोन अंजीर चघळत हसला.

"दादा, हे वाक्य कुठल्या प्रवेशातलं?"