न उतरणारी आजी

“दिगंबरदादा, ही आजी पटकन उतरवा हं, संध्याकाळी माझा साखरपुडा आहे!” तरुण मृण्मयी मेकअपच्या खुर्चीत बसत म्हणाली.

आजीच्या भूमिकेसाठी प्रयोगशाळेत वाढवलेली ती सुरकुतलेली, जिवंत कातडी दिगंबर रोज शूटिंगआधी तिच्या चेहऱ्यावर चढवायचा आणि पॅकअपनंतर सोलून काढायचा. काल मात्र वेळ वाचवायला दिग्दर्शकाने ती रात्रभर तशीच ठेवायला लावली होती.

आज कानामागे कातडीची कडच सापडेना. दिगंबरने गालावरची एक सुरकुती चिमटीत धरून हळूच ओढली.

“आई गं! दुखतंय ना, दादा!”

दिगंबरचा हात थबकला. आजवर त्या कातडीला कधीच काही जाणवलं नव्हतं.

“मस्करी पुरे हं,” मृण्मयी हसली. तो पुन्हा कानामागे कड चाचपू लागला, तेव्हा तिने आरशात पाहिलं.

त्या म्हाताऱ्या कपाळावर दरदरून घाम फुटला होता.