निळी कड

अनोळखी नंबरवरून माझाच फोटो आला: मी आरशासमोर ओले केस विंचरतेय. परवा दादा राहून गेला होता. त्याचाच आगाऊपणा असणार, म्हणून फोटो त्याला पाठवला आणि फोन लावला.

"मी नाही गं काढला! पण काढणारा मुरलेला दिसतोय," स्टुडिओ चालवणारा दादा हसला. "जवळची एखादी वस्तू कडेला धूसर ठेवली, की फोटोला खोली येते. ते निळं काय आहे गं?"

मी फोटो मोठा करून पाहिला. "माझा रेनकोट."

"कुठे टांगलाय?"

"माझ्या मागच्या कपाटात."

दादाचं हसू थांबलं. "फोटो कधीचा आहे?"



माझ्या केसांतलं पाणी अजून पाठीवर ठिबकत होतं.