तांबी बसवताना

“एवढंसं काम आहे, उगाच घाबरू नकोस,” डॉक्टरबाई हातमोजे चढवत म्हणाल्या.

टेबलावर आडव्या झालेल्या सारिकानं पुन्हा तेच विचारलं, “पण मॅडम, आधी ती जागा बधिर करता येते ना? मागच्या वेळी तांबी बसवताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती माझ्या.”

“दोन बाळंतपणं झालीत तुझी. त्यापुढे हे काहीच नाही.”

सारिका एसटीत कंडक्टर होती. भरल्या गाडीत तिचा शब्द सगळे ऐकायचे; इथं मात्र तिचं बोलणं कुणाच्या कानातच शिरत नव्हतं. चिमट्यानं आत पकड घेतली आणि ओटीपोटातून निघालेली कळ थेट मांड्यांत उतरली.

“थांबा! काढा ते आधी!” ती ओरडली.

बाई दचकल्या. “अगं, बाकीच्या निमूट करून घेतात.”

“निमूट राहतात म्हणून त्यांना दुखत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला? इंजेक्शन द्या, नाहीतर मी उठते.”

बाईंनी नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं. थोड्या वेळानं तांबी बसली. दुखलं, पण सोसण्याइतकंच. सारिकाला हायसं वाटायच्या ऐवजी संताप आला. एवढं सोपं होतं, तर मागच्या वेळी का नाही?

बाहेर बाकावर बसलेल्या एका तरुण मुलीनं हळूच विचारलं, “ताई, फार दुखतं का हो?”

“दुखतं,” सारिका म्हणाली. “पण बधिर करायचं इंजेक्शन असतं. बाई ते देते म्हणेपर्यंत टेबलावर चढू नकोस.”