दहावं मिनिट

"आज दहाव्या मिनिटाला कुणीही तोंड उघडायचं नाही," सलूनवाल्याने मागच्या रांगांकडे वळून पुन्हा बजावलं. "माणूस अंथरुणाला खिळलाय. आजच्या दिवस गप्प बसू."

सामना सुरू होऊन चार मिनिटं झाली होती. चेंडू कुठे आहे, याकडे पूर्वेच्या गॅलरीत फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

"आजारी पडला म्हणून लगेच संत झाला का?" शेजारी बसलेला त्याचा साडू म्हणाला. साडू घरं रंगवायची कामं घेई. त्याच्या नखांतला चुना कधी निघत नसे. "क्लब विकला तेव्हा विचारलं होतं आपल्याला? पेपरात वाचलं आपण. तेही तुझ्या दुकानात, गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं असताना."

"त्या गिऱ्हाइकाचा एका बाजूचा कल्ला उडवला मी त्या दिवशी," सलूनवाला म्हणाला. "विसरलो नाही."

विसरलं कुणीच नव्हतं. जुन्या मालकाने बुडता क्लब हातात घेतला आणि तळातून पहिल्या गटात आणला. भर उन्हात बसणाऱ्या या गॅलरीवर त्यानेच पत्र्याचं छप्पर घातलं. मग एके दिवशी कुणाला न सांगता त्याने क्लब एका कंपनीला विकला. कंपनीने खेळाडूंचे हिरवे शर्ट काढून नारिंगी केले. मालक पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही.

मालक असताना तो दर सामन्याला बरोबर दहाव्या मिनिटाला यायचा आणि समोरच्या काचेच्या खोलीत बसायचा. म्हणून गेली बारा वर्षं दहाव्या मिनिटाला ही गॅलरी त्या खोलीकडे बघून ओरडत असे, "मालक, तोंड दाखवा!" सुरुवात सलूनवाला करी. त्याला कर्णा लागत नसे. तरुणपणापासून सगळे त्याला भोंगाच म्हणत. बाकीचे त्याच्या मागोमाग ओरडत, मालकानेच घातलेल्या छपराखाली, सावलीत बसून.

"विकला तर विकला," सलूनवाला म्हणाला. "त्याचंही काही चालत नसेल. मला राग एकाच गोष्टीचा आहे. एवढी वर्षं त्या काचेतून बघत होता, पण त्याला आपली नुसती डोकी दिसली. डोकी मीही रोज बघतो. पण कुठलं कुणाचं, ते मला ठाऊक असतं."

"मग ओरड की."

"पडलेल्या माणसावर नाही, साडूभाऊ."

आठव्या मिनिटाला एक बाई पायऱ्या चढून आली. चाळिशीची असेल. तिला धाप लागली होती. तिने दोन ठिकाणी काहीतरी विचारलं. दोन्हीकडच्या लोकांनी सलूनवाल्याकडे बोट दाखवलं.

"इथे ओरडायला सुरुवात तुम्ही करता ना, काका? मी त्यांची मुलगी. जुन्या मालकांची."

आत्तापर्यंत मालकाचा उद्धार करणारा साडू सरकला आणि त्याने आपल्या रुमालाने तिच्यासाठी जागा पुसली.

"ताई, काळजी करू नका," सलूनवाला म्हणाला. "आज इथे कुणी चकार शब्द काढणार नाही. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"ते खाली कळलं मला. म्हणून तर धावत आले. गप्प बसू नका."

"म्हणजे, ओरडायचं?" साडूने विचारलं.

"डॉक्टर म्हणालेत, आता दोन-चार दिवस," ती म्हणाली. "बाबांना घरी आणलंय. उशाशी रेडिओ आहे. बारा वर्षांत एक सामना चुकवला नाही त्यांनी. गोल झाला तरी हलत नाहीत. पण दहावं मिनिट आलं की आवाज वाढवायला लावतात. तुमचा ओरडा ऐकतात आणि म्हणतात, चला, आले सगळे. मग रेडिओ बंद."

"एवढं होतं तर एकदा यायचं होतं," साडू पुटपुटला.

"आम्ही म्हणायचो. ते म्हणायचे, कुठल्या तोंडाने जाऊ?"

घड्याळ नऊ मिनिटं चाळीस सेकंद दाखवत होतं. अख्खी गॅलरी सलूनवाल्याकडे बघत होती. काहींनी ओठांवर बोट ठेवून शेजाऱ्याला दटावलंही.

सलूनवाला उठला. त्याने समोरच्या काचेच्या खोलीकडे बघितलं आणि छाती भरून श्वास घेतला. बारा वर्षांत एकदाही न अडलेला आवाज घशातच अडकला. त्याने पुन्हा जोर लावला.

"मालक..." आवाज मध्येच फाटला. उरलेले दोन शब्द घोगरे होऊन बाहेर पडले, "तोंड दाखवा."

कुणी साथ दिली नाही. ज्याने गप्प बसायला सांगितलं तोच ओरडतोय, हे कुणाला समजेना. तेव्हा साडू बाकावर चढला.

"बघताय काय? ओरडा!"

मग गॅलरी ओरडली. पहिल्यांदा विस्कळीत, दुसऱ्यांदा एका दमात, तिसऱ्यांदा अशी की खेळाडूही वळून बघू लागले. नंतर नेहमीसारखी सगळी खाली बसली आणि सामना बघू लागली.

मुलीच्या हातातला फोन वाजला. तिने दुसऱ्या कानात बोट घातलं आणि वाकून ऐकत राहिली. पलीकडचं माणूस एकेका शब्दाला थांबत असावं. ती नुसती "हो बाबा, हो बाबा," म्हणत होती.

मग तिने फोनवर हात ठेवला आणि सलूनवाल्याला विचारलं, "काका, बाबा विचारतायत, भोंग्याचा घसा आज का बसलाय? तुमच्यात भोंगा कोण?"