दोन पुरुष पाणी

घोरपड जाळीखालून सरपटत आली आणि सळकन पाण्यात उतरली. मनोरमा तेव्हा काठावर झावळ्या गोळा करत होती.

गिरीजच्या त्यांच्या वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे केळींना पाणी देणाऱ्या तळ्याच्या मधोमध मातीचा उंचवटा होता. त्यावर राजहंसाची मादी पाच पिल्लं पंखाखाली घेऊन बसली होती. गेल्या वर्षीची सगळी अंडी घोरपडीनेच फस्त केली होती. म्हणून या खेपेला मनोरमाने तळ्याभोवती जाळी लावून घेतली. कुत्री हाकलली. दुपारची झोप सोडली. पिल्लं आज चार दिवसांची झाली होती.

नर पार पलीकडच्या टोकाला होता. नवरा दिनानाथ केळी घेऊन वसईला गेला होता. मनोरमा ओरडली. ढेकळं मारली. घोरपडीचं डोकं पाण्यावरून सरळ उंचवट्याकडे निघालं होतं.

चाळीस वर्षांत मनोरमाने या पाण्यात पाऊल बुडवलं नव्हतं. लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूने, धोंडूबाईंनी, बजावलं होतं. बावखल दोन पुरुष खोल आहे, एकावर एक दोन माणसं उभी राहिली तरी बुडतील. दिनानाथने आईचं बोलणं कधी खोडलं नाही. मनोरमाने मग बादलीसुद्धा दोरी बांधूनच भरली.

एक पिल्लू आईच्या पंखाखालून बाहेर आलं आणि उतारावरून थेट पाण्याशी घसरलं.

मनोरमाने पदर खोचला, डोळे मिटले आणि झावळीसकट उडी टाकली.

पाय गाळात रुतले. तिने एक डोळा उघडला. पाणी कमरेशी थांबलं होतं.

मग ती जी सुटली! झावळीने सपासप पाणी झोडपत ती घोरपडीच्या अंगावर धावली. घोरपड गर्रकन वळली, काठावर चढली आणि केळीत दिसेनाशी झाली. तेवढ्यात नर पंख फडफडवत आला आणि त्याने मनोरमाच्याच दंडाला दोनदा चोच मारली. तिला हसू फुटलं. आवरेना. ती हसत हसत पाण्यात बसली, उठली, पुन्हा बसली. तिचा सुटलेला पदर पाण्यावर पसरला होता. घसरलेलं पिल्लू त्याला वळसा घालून आईकडे पोहत गेलं.

आरडाओरडा ऐकून धोंडूबाई काठी टेकत काठावर आल्या. ब्याऐंशी वर्षांच्या त्या, सुनेच्या कमरेकडे बघतच राहिल्या.

"आई," मनोरमाने धापा टाकत विचारलं, "हे दोन पुरुष आहे?"

धोंडूबाईंनी काठी खाली ठेवली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि सुनेपुढे हात केला.

"मी पन कदी उतरले नाय. मला माज्या सासूनं तीन सांगितलेलं. तुला एक कमी केला."