दारावरची सिस्टर

नाशिकच्या त्या कॅन्सर क्लिनिकमध्ये सिस्टर मंजुषाच्या परवानगीशिवाय सर्दीसुद्धा आत शिरत नाही, असं सगळे कौतुकाने म्हणत. केमोने अंगात त्राण न उरलेल्यांना साधा तापही महागात पडतो. म्हणून पेशंट असो की स्टाफ, आधी हात पुढे करायचा, कपाळ दाखवायचं, मगच आत. एकदा तर तिने शिंकणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनाच दारातून घरी पाठवलं होतं.

त्या दुपारी सगळे आत बसले होते, पॅसेजमध्ये चिटपाखरू नव्हतं. आणि दाराशेजारचं सॅनिटायझरचं मशीन घुरघुरलं.

नळीतून थेंब सुटले. पण खाली फरशीवर एकही पडला नाही.

मशीन बिघडलं असेल, असं मंजुषाला वाटलं. तरी सवयीने तिने समोर, कपाळाच्या उंचीवर, ताप मोजायची गन धरली. रिकाम्या जागेचा आकडा कधी येत नसे. आज आला. एकशे तीन.

 ती दारात आडवी उभी राहिली.

"ताप आहे. आत सोडता येणार नाही. परत जा."

गनवरचा आकडा विझला. मंजुषाची मान अभिमानाने ताठ झाली.

मशीन पुन्हा घुरघुरलं.

आत सलाईन लावून बसलेल्या कळवणच्या कलाबाई तिच्या खांद्यावरून पॅसेजकडे बघत म्हणाल्या, "सिस्टर, आज डबा खायला बी दार सोडू नका बाई. रांग पार जिन्यापर्यंत लागली हाय."